गवंड्याचा जोर

भिंत ओली असताना गवंड्याने खाली उतरायचं नसतं. गिलावा मध्येच थांबला की सांधा दिसतो, मग वरून कितीही थापी फिरवा. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तरी तो पुन्हा परांचीवरून उतरला.

संडासात त्याने दात आवळले, पोट आवळलं. थेंबभर लघवी आली, थांबली. नाडी बांधून वर चढला, तोच पायजमा ओला.

"दाजी, आत बाटली ठेवलीय का?" शेजारी उभा मेहुणा करवादला. "कालवलेला माल घट्ट होतोय इकडे."

"ठेवलीय. तुला देत नाही, एवढंच."

दारुडा म्हणवून घेणं सोपं होतं, तो होताच. विशीपासून एक संध्याकाळ कोरडी गेली नव्हती. लाज होती ती वेगळ्याच गोष्टीची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "लघवीची पिशवी म्हणजे स्नायूच. इतक्या वर्षांच्या दारूने तिच्या नसा बधिर झाल्यात. भरली तरी तुम्हाला वेळेवर कळत नाही, आणि आवळायची ताकद तिच्यात उरली नाही. साचतं, मग ओघळतं. जोर लावू नका. ठरलेल्या वेळी ही नळी घालून रिकामी करा. आणि दारू बंद."

जोर लावून न हलणारी गोष्ट त्याला आजवर भेटली नव्हती. त्याने पाणी कमी केलं. दारू नाही.

आता पुन्हा ओटीपोट जड झालं. तो शिडीकडे वळला.

"बास!" मेहुण्याने थापी आपटली. "उद्यापासून दुसरा जोडीदार बघतो. प्यालेल्या माणसाबरोबर उंचावर उभं राहायचं नाही मला. ताईलाही सांगतो."

"प्यायलो नाही रे," गवंडी भिंतीकडे बघत म्हणाला. "लघवी होत नाही. पिशवी मेलीय दारूने. नळी घालायला सांगितलीय."

मेहुण्याने आवाज खाली आणला. "ताईला माहीत आहे?"

"नाही."

"नळी कुठाय?"

"खाली, डब्याच्या पिशवीत."

"मग माझं तोंड काय बघताय? जा. भिंतीचा गिलावा मी पुरा करतो."

"सांधा पडेल."

"पडू दे. आणि संध्याकाळच्या बाटलीचं काय?"

"बघू."

"बघू नाही, दाजी."

गवंडी उतरला. हात स्वच्छ हवेत, बाईंनी बजावलं होतं. तो नळाखाली साबण लावून हात चोळू लागला. वर मेहुण्याची थापी घाईघाईने वाजत होती. एकट्याला ती भिंत आवरत नव्हती. गवंड्याचे पाय तिकडे ओढ घेत होते. नखांतलं सिमेंट निघेना. त्याने पुन्हा साबण घेतला.