शारजातले आर्थर कोच

आर्थर कोचचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. मॅच झाली की शारजातल्या रोल्ला भागातल्या कॅफेटेरियात आमचा कडक चहा यायचा, कुणीतरी म्हणायचं, "आज कोचनी काय केलं ऐकलंस?" आणि चहा गार व्हायचा. अशा किती चहांचं वाटोळं झालंय! त्यातले काही सांगतो.

*

आमची टीम म्हणजे ऑफिसात बसून पोट सुटलेले आम्ही पुण्या-मुंबईचे लोक, आणि रत्नागिरीचा सलीमभाई. त्याचं रोल्लात मसाल्याचं दुकान. कॅप्टन तोच, गोलकीपरही तोच.

एका शनिवारी सकाळी अल मजाजजवळच्या मैदानात खेळत होतो. कुंपणाबाहेरून एक म्हातारा गोरा माणूस माझ्यावर ओरडला, "सात नंबर! बसची वाट बघतोयस का?"

मी भडकलोच. "तुम्ही कोण सांगणारे?"

"मला फुटबॉल खेळायचा पगार मिळायचा," तो शांतपणे म्हणाला.

सलीमभाईनं गेट उघडलं. "चाचा, अंदर आओ. यल्ला!"

नाव आर्थर; त्या दिवसापासून ते आमचे कोच. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावच्या क्लबात ते पोरवयातच प्रोफेशनल झाले होते. आता बायको गेल्यावर मुलीकडे, हेलनकडे राहायला आले होते. ती इथे शाळेत शिकवते.

*

त्यांच्या शेवटच्या मॅचची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली.

त्या काळी बदली खेळाडू नसायचा. कुणी जखमी झाला तर टीम एकानं कमी. पहिल्याच हाफमध्ये कोचचा गुडघा फिरला. मॅनेजर म्हणाला, "आर्थर, विंगवर नुसता उभा राहा. त्यांचा एक माणूस तरी तुझ्यामागे अडकेल."

ते उभे राहिले. एका पायावर! आणि मॅच संपता संपता बॉल नेमका त्यांच्याकडेच आला. शाबूत पायावर तोल सांभाळायचा, म्हणजे मारायचं दुखऱ्यानंच.

मारलं. गोल! एवढ्या आरडाओरड्यातही गुडघ्यातून आलेला आवाज त्यांना ऐकू आला.

डॉक्टर म्हणाले, खलास. तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे. पुढे जन्मभर बस चालवली.

सलीमभाई पुढे सरकला. "चाचा, पण मारलात कशाला?"

कोच त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, बॉल माझ्याकडे आला होता!"

*

एकदा दुबईत मॅच होती आणि आम्ही सगळे शारजाच्या जॅममध्ये. गाड्या इंचभर हलेनात. सलीमभाई स्टिअरिंगवर हात आपटत होता, आम्ही मागे बसून बूट घालत होतो. वेळेत पोचलो नाही तर स्पर्धेतून बाहेर!

कोच हेलनबरोबर आधीच पोचले होते. रेफ्री शिट्टी तोंडात घालणार, एवढ्यात ऐंशी ओलांडलेले कोच आमची जर्सी घालून लंगडत मैदानात गेले आणि मधोमध उभे राहिले.

रेफ्री इजिप्तचा. तो हबकलाच. "हबीबी, तुम्ही एकटेच?"

"बाकीचे येतायत. आमची टीम जरा मागे राहून खेळते."

रेफ्री हसत बसला, तोवर आम्ही धापा टाकत आत शिरलो!

*

मग एका संध्याकाळी हेलनचा फोन आला. "डॅड घरात नाहीत."

मी सलीमभाईला फोन लावतच बाहेर पडलो. कोचना नावं आठवत नव्हती, बूट उलटसुलट घालायचे, हे आम्ही बघत होतो. पूर्वीचा चामड्याचा बॉल पावसात भिजून दगडासारखा व्हायचा. तो पोरवयापासून डोक्यानं मारला, त्याचाही परिणाम असेल, असं डॉक्टरांचं म्हणणं.

खालिद लगूनच्या कडेनं आम्ही पळत सुटलो. प्रत्येक बाक बघितला, पाण्याकडे बघायची मात्र भीती वाटत होती. शेवटी सलीमभाईचा फोन. "मिळाले! रोल्लाच्या पार्कात."

तिथे कोचनी कामावरून परतणाऱ्या चार अनोळखी माणसांना ओळीत, खांद्याला खांदा लावून भिंतीसारखं उभं केलं होतं. बिचारे आज्ञाधारकपणे उभेही होते! हेलन रडत धावली आणि वडिलांना मिठी मारायला गेली.

कोचनी तिला हातानं थांबवलं. "मॅडम, बाजूला व्हा. फ्री किक आहे."

कुणीही हसलं नाही.

*

हेलननं त्यांना इंग्लंडला परत न्यायचं ठरवलं. त्याआधीची आमची शेवटची मॅच म्हणजे फायनल. समोर केरळची टीम, तिकडची पोरं म्हणजे फुटबॉल कोळून प्यायलेली!

हाफटाइमनंतर बघतो तर कोच केरळवाल्यांच्या बाकावर! आपली टीम कुठली हेच विसरले होते. हेलन आणायला गेली, तर हलायला तयार नाहीत. "राहू द्या मॅडम, आज ते आमचे," त्यांचा कॅप्टन म्हणाला.

मॅच बरोबरीत सुटली. पेनल्टी! आमच्या सगळ्या किक मारून झाल्या, एका गोलनं आम्ही पुढे. त्यांची शेवटची उरलेली. ती मारणार त्यांचा उंच स्ट्रायकर, जो कायम कीपरच्या डाव्या हाताला मारायचा. आणि सलीमभाईचा डावा खांदा सकाळपासून वर उचलला जात नव्हता. झेप घ्यायची तर उजवीकडेच. हे आमच्याशिवाय फक्त कोचना माहीत होतं. सकाळी त्यांनीच तो खांदा चोळून दिला होता.

स्ट्रायकर निघाला. कोचनी त्याला जवळ बोलावलं. कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान डोलावली.

खांद्याचं गुपित गेलं, असं मला वाटलं.

त्यानं सलीमभाईच्या उजवीकडे मारला. सलीमभाई उजवीकडेच झेपावला. बॉल हातात!

परतताना गाडीत सलीमभाईला राहवेना. "चाचा, खरं सांगा. त्या मुलाला काय सांगितलंत?"

कोच खिडकीतून बाहेर बघत होते.

"कुठला मुलगा?"