शेणासाठी नेलेली गाय

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाकडे मागते ठाऊक नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही तमिळमधे. ही मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. आता आमच्या घरात दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नाहीत, म्हणूनच यात लिहिते.

आमच्या तंजावरात नव्या घरात आधी गाय-वासरू नेतात, मग माणसं शिरतात. गाईनं आत शेण टाकलं की लक्ष्मी आली म्हणतात. आता घरं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, आणि गाय पाळणारे थोडे. माझ्या दिरांनी हे हेरलं आणि भाड्यानं गाय पुरवायला लागले. गाय माझी होती. पहिल्या खेपेला दोरी मीच त्यांच्या हातात दिली, दोनशे रुपये घेतले आणि त्यांची पेंड आणली. हे लपवत नाही.

परत आली की तिच्या शेपटीखाली बारीक टोचे दिसायचे. गोचीड चावली असेल समजून मी कडुनिंबाचं तेल लावायची. दर खेपेला लावायची आणि पुन्हा पाठवायची.

एका मुहूर्ताला तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर हळदीचं पाणी शिंपडलं होतं. तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि कंबर गेली. माणसांनी दाराच्या फळीवर घालून तिला खाली आणलं. तिला घरी घेऊन आलेल्या छोट्या टेंपोत तिच्याजवळ काठी पडली होती. टोकाला खिळा, खिळ्याला वाळलेलं रक्त.

"हा खिळा कशाला?" मी दिरांना विचारलं.

"वैनी, शेण पडलं तर पाचशे जास्त देतात. मुहूर्त संपेपर्यंत मी हिची वाट बघत बसू काय?"

तेव्हा कळलं. कपाळाला कुंकू लावून लोक जिला हात जोडत होते, ती भीतीनं शेण टाकत होती. तिला नाही म्हणता येत नव्हतं. मला येत होतं, पण मीही कधी म्हटलं नाही.

अकरा दिवस ती पोत्यांवर पडून होती. मग गेली. गाईची किंमत आणि डॉक्टरचा खर्च मिळून एक्केचाळीस हजार पुढच्या महिन्यात देतो, असं दीर माझ्या नवऱ्यासमोर म्हणाले. चार वर्षं झाली. विचारलं की हसायचे, "सोन्याची होती काय हो वैनी तुमची गाय?" नवरा म्हणायचे, घरातलंच आहे, सोड. मी सोडलं नाही. काठी तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवली. डबा उघडला की रोज दिसायची.

तिची कालवड मोठी झाली, यंदा व्याली. आणि यंदाच दिरांनी स्वतःचं घर बांधलं. घरचीच गाय आहे म्हणून त्यांनी मला विचारलंही नाही.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मी काठी घेऊन दूध सोसायटीत गेले. तिथं मी कधी मान वर करत नाही. "अय्यो, मुकी बोलायला लागली!" एक बाई म्हणाली. मी खिळा दाखवला आणि सगळं सांगितलं. मग कोणी हसलं नाही.

सकाळी सात वाजता रेशमी वेष्टी नेसलेले दीर घामाघूम होऊन दारात आले. "वैनी, लवकर. वाद्यार पूजेची पोथी उघडून बसलेत, साडेसातला मुहूर्त संपतो."

"गाय पाठवत नाही. दुसरीकडे बघा."

"तीन घरी जाऊन आलो. कोणालाही विचारा, गाय आजारी! एका रात्रीत सगळ्या आजारी?"

"एक्केचाळीस हजार," मी म्हटलं.

"आत्ता? मुहूर्त जाईल!"

"मग मी तुमची वाट बघत बसू काय?"

त्यांनी फोन केला. जाऊ आहेराच्या पाकिटांची पिशवी घेऊन धावत आली. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी एकेक पाकीट फोडलं. वर चिकटवलेला रुपया मी काढून परत द्यायची, नोटा मोजून ठेवायची. सावकाश मोजल्या. इतकं बरं मला खूप वर्षांत वाटलं नव्हतं.

चाळीस हजार पाचशे झाले तसे त्यांनी गोठ्याकडे जाऊन दोरी धरली. मी दुसरं टोक धरलं.

"गाय येत नाही म्हटलं ना. हे जुने पैसे आहेत."

"मग आधी घरात कोण शिरणार?"

"तुम्हीच शिरा." मी काठी पुढे केली. "ही तुमची राहिली होती. शेण पडलं नाही तर लागेल."

त्यांनी दोरी सोडली. रस्त्यावर सोसायटीतल्या बायका उभ्या होत्या. शेवटी जावेनंच पिशवीतलं आणखी एक पाकीट फोडलं आणि पाचशेची नोट माझ्या हातात ठेवली. वर बघितलं नाही.

साडेसात होऊन गेले होते. मी पहिल्यापासून पुन्हा मोजले. एक्केचाळीस हजार, पुरे.