कच्च्या कंबरेची सायकल

जगातल्या प्रत्येक वस्तूला चार पाय आहेत असं समजून वागणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आपल्याच घरात निघाला. माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे कळसचे आजोबा. उभी हयात बैलबाजारात दलाली केल्यामुळे खरेदीची दुसरी रीतच त्यांना ठाऊक नाही. आमच्या बारामतीच्या घरी फ्रीज आला, तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वैनी, अंगानं भरलाय, पण उन्हाळ्यात धापा टाकणार." मुलांनो, उन्हाळ्यात फ्रीजने खरोखरच धापा टाकल्या. तुमच्या बाबांसाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मात्र मी त्यांना मुद्दाम घरी ठेवलं. हे तुमच्या आईला वाचून दाखवू नका.

गेल्या वर्षी त्यांना सायकल हवी झाली, ती एका बैलापायी. हजारो बैल विकणाऱ्या या माणसाने एक म्हातारा खिलार, कोणत्याही कामाचा न उरलेला, स्वतःजवळ ठेवून घेतला आहे. तो असतो शेतावर, आणि शेताकडे जाते कॅनॉलच्या कडेची तीन किलोमीटर दगडगोट्यांची वाट. रोज सकाळी त्याला वैरण स्वतःच्या हाताने घालायची, हा नेम. पण जुन्या सायकलीच्या हादऱ्यांनी भाऊजींचे मणके कुरकुरू लागले, डॉक्टरांनी हादरे बंद म्हणून सांगितलं, आणि मुलगा म्हणाला, "आबा, आता एक तर जाणं सोडा, न्हायतर बैल तरी." भाऊजींना दोन्ही सोडायचं नव्हतं. म्हणून मागेपुढे शॉकअप असलेली, डोंगरात चालवतात तसली सायकल. फक्त पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही.

मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून निवड माझ्याकडे आली. मी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि इंटरनेटवर वाचायला बसले. एका सायकलपुढे 'ट्रॅव्हल १२० मिलिमीटर' असं लिहिलं होतं. एवढ्यात तर आपला उंबराही ओलांडून होत नाही! स्प्रिंग किती दबते त्याचं ते माप, हे कळायला मला दोन दिवस लागले. एक जण सांगे, इतक्या पैशांत दोन्हीकडे शॉकअप घ्याल तर लोखंडाचा गोळा मिळेल, फक्त पुढे असलेली घ्या. दुसरा म्हणे, पाठ दुखत असेल तर मागचा हवाच. तिसऱ्याने मलाच विचारलं, आपण कोणता डोंगर उतरणार आहात? चौथ्या दिवशी वही अत्यंत नीटनेटकी होती आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता.

शेवटी आम्ही बारामतीतल्या एका दुकानात गेलो. भाऊजींनी पहिल्याच सायकलीच्या सीटवर पंजा ठेवून जोर दिला. सीट खाली गेली. "हिची कंबर कच्ची हाय. दुसरी दाखवा." दुसरी दबली, तिसरीही दबली. दुकानदार रडकुंडीला आला. "आबा, दाबली की दबावी म्हणूनच तर स्प्रिंग दिलीय!"

"हाताखाली पाठ सोडतंय, ते वझ्याखाली बसणार. आमाला शिकवू नगा." असं म्हणून ते कोपऱ्यातल्या एका साध्या, बिनस्प्रिंगच्या सायकलीपाशी थांबले. "ही बगा वैनी, जागची हलली न्हाय!" जिच्यापासून सुटायला आलो, तीच जात. आणि खरं सांगते, तोवर मलाही त्यांचंच बरोबर वाटू लागलं होतं. वही उघडली, तर तिच्यात कंबरेचा रकानाच नव्हता. मग कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "भाऊजी, कंबर कुणाची वाचवायचीय? सायकलची का तुमची?"

त्यांनी मागे वळून पहिल्या सायकलीची सीट पुन्हा दाबून पाहिली. "आसं व्हय!" म्हणाले. "म्हंजी आपल्या वाटणीचं तिनं वाकायचं." मग कुणीतरी थोडी वापरून परत आणलेली, दोन्हीकडे शॉकअपवाली एक त्यांनी पक्की केली आणि बैलबाजारातल्यासारखा भाव बोटांनी गुपचूप ठरवायला, हातावर टॉवेल टाकून हात पुढे केला. दुकानदाराने तो आनंदाने हलवला. "आवं, हलवता काय? बोटं धरा!" अखेर भाव तोंडाने बोलावा लागला, तेव्हा भाऊजी चारचौघांत सदरा काढायला लावल्यासारखे ओशाळले.

मध्यंतरी मी कळसला गेले होते. पहिले आठ दिवस त्यांनी ती सायकल दगडांवरून हाताने धरून चालवत नेली म्हणे, नव्या जनावराला सवय व्हावी म्हणून. आता मात्र पुतण्याच्या गाडीतून मागून पाहिलं, तर ते होडीत बसल्यासारखे हलत, डुलत, पण ताठ पाठीने चालले होते. शेतावर वैरण घालून झाली आणि ते बैलाशेजारी बसले. अर्धा तास झाला, तरी एक शब्द नाही. बाजारात ज्यांचं तोंड कधी मिटलं नाही, ते भाऊजी! मला राहवेना. "एवढा आटापिटा करून येता, मग त्याच्याशी बोलत का नाही हो?"

ते बैलाच्या मानेखाली खाजवत राहिले. "काय बोलायचं, वैनी?" म्हणाले. "ह्यो कुणाला इकायचा न्हाय."