चुन्याचे मिस्त्री

“म्याडम, तुमी शिकल्याली मानसं. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीवर मी साइट इंजिनिअर म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मिस्त्रींनी माझं केलेलं हे स्वागत. पुढे रोज तेच. मी नकाशा उघडला की यांचा उजेड अडायचा. माणूस वळसंगचा, साठी उलटलेला, चुन्याच्या कामात नावाजलेला आणि तोंडाचा फाटका. खरं सांगते, मला ते मुळीच आवडत नसत.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. त्याचं म्हणणं बरोबर असतं, पण तो ते अशा सुरात सांगतो की आपल्याला ते चूक ठरवावंसं वाटतं.

त्या इमारतीत आम्हाला डिजिटल वर्ग करायचे होते. केबल, पडदे, एसी सगळं नवं. भिंती मात्र जुन्या, त्यांना सिमेंट मानवत नाही, म्हणून गिलावा चुन्याचाच. मागच्या अंगणात हौदात चुना भिजत घातलेला. मिस्त्री सकाळी आल्या आल्या त्यातला चिमूटभर दोन बोटांत चोळायचे.

“कच्चा हाय. खडा लागतोय.”

“अजून किती दिवस, मिस्त्री?”

“त्यो व्हईल तवा व्हईल. तुमची मीटिंग त्याला म्हाईत न्हाय.”

मजूर फिदीफिदी हसायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. इकडे उद्घाटनाची तारीख ठरलेली. मिस्त्री नातीच्या बारशाला दोन दिवस गावी गेले आणि मी संधी साधली. मजुरांना दम देऊन त्याच चुन्याचा गिलावा मोठ्या वर्गात करून घेतला. परतल्यावर त्यांनी भिंतीवर नख ओढलं.

“लई घाई की तुमाला. आता फुटंल बगा.”

फुटलाच. उद्घाटनानंतर महिन्याभरात न विरलेले खडे फुगले, भिंतभर फोड आले, प्राध्यापकांच्या डोक्यावर पापुद्रे पडू लागले. चौकशी बसली. काम कुणाचं, असं समितीने विचारलं.

“मिस्त्रींचं,” मी म्हणाले.

त्यांना काढून टाकलं, काळ्या यादीत घातलं. गोष्ट गावभर झाली आणि चुन्याच्या कामाला त्यांना कुणी बोलावेना. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं वर्षभरही टिकलं नाही. मी वळसंगला गेले. मिस्त्री ओट्यावर बसले होते. मी सगळं कबूल केलं, रडलेसुद्धा.

“मला म्हाईत हाय की,” ते म्हणाले. “मला कशाला सांगताय? तितं हापिसात लिवून द्या.”

सून चहा घेऊन येत होती. त्यांनी हातानेच तिला आत परत पाठवलं.

“देते,” मी म्हणाले आणि उठले.

यंदाच्या उन्हाळ्यात ते वारले. काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच आहे. मला मध्यंतरी बढती मिळाली, त्यामुळे दरवर्षी त्या यादीखाली सही माझी असते.