मामींचा चीक आणि माझं कॅरॅमल

शनिवारी नागपूरच्या माझ्या स्वयंपाकघरात मी जो पराक्रम केला, तो सांगायला जीभ रेटत नाही... म्हणून लिहितेय.

पारशिवनीहून मामी आल्या होत्या, डोळे तपासायला. उशीर झाला म्हणून हातातली बरणी फ्रिजमध्ये ठेवून त्या लगेच माझ्या नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेल्या.

बरणी उघडली तर पिवळसर, दाट दूध. मला कधीचं ते ब्रेडला लावायचं दुधाचं कॅरॅमल करायचं होतं... दूध-साखर मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत आटवायचं. म्हटलं, गावचं दूध, आज जमणार! पण कढईत घातलं आणि थोड्याच वेळात सगळ्याच्या गुठळ्या. चिडून सिंकमध्ये ओतलं. मग पिशवीचं दूध आणून कॅरॅमल केलंच, आणि मिरवायला फोटोही स्टेटसवर टाकला.

दुपारी गाडीतून उतरून मामी आधी वर आल्या. त्या टेकायच्या आतच मी म्हणाले, "मामी, दूध जरा पाहून आणायचं ना! पार नासलेलं होतं, फेकलं मी."

मामींच्या हातात वाटेत घेतलेली गुळाची आणि वेलचीची पुडी होती. "नासलं काहून म्हणतं वं? चीक होता तो," त्या हळूच म्हणाल्या. "गाय व्याली ना... तुले खरवस आवडते म्हणून आणला."

चीक थेट आचेवर ठेवला की फाटतो, तो वाफवतात... लहानपणी मामींच्याच हातचा खरवस ताटं चाटून खाल्लेल्या मला हे कळू नये? मान वर करवेना.

तेवढ्यात गाडी लावून नवरा वर आला. खरवसाचं त्याला वाटेतच कळलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "मग, कधी लावताय खरवस?"

मी तोंड उघडायच्या आत मामीच बोलल्या. "नासला जावईबापू, बसमंदी. माह्यंच ध्यान नव्हतं."

जावयासमोर भाचीची शोभा होऊ नये, म्हणून. आणि मी...? मी गप्प बसले. वर कॅरॅमल चाटून मामी म्हणाल्या, "मस्त झालं वं!"

रविवारी त्या गावी परत गेल्या. स्टेटस मी काढून टाकलं, पण लाज काही जात नाही.

अहो नवरोबा, तुम्ही ही पोस्ट वाचालच. मामींचा चीक चांगला होता... तो मी वाया घालवला.