मेव्हण्याचा समुद्र

पाटोदा तालुक्यात समुद्र एकच आहे आणि तो आमच्या मेव्हण्याच्या ओसरीवर आहे. लांबी चार फूट, रुंदी दीड फूट, खोली दोन फूट. ज्या गावात सलग तीन वर्षं ओढा वाहिला नाही, विहिरीत वाकून बघितलं तर तळाचा खडक उलटा आपल्याकडं बघायचा, त्या गावात या माणसानं काचेच्या पेटीत समुद्र भरला आणि त्यात जिवंत पोवळं लावलं. पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीत बसवतात तो खडा, एवढंच आम्हाला ठाऊक. हा म्हणाला, अंगठीतलं मेलेलं असतं, माझं जितं आहे. मी म्हणालो, मग तुझं डोकं मेलंय. माझं बोलणं असंच आहे, आणि बायकोचा धाकटा भाऊ असल्यामुळं त्याला ते जन्मभर ऐकून घ्यावं लागलं.

तो गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायला होता. हातात लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात सोडायची ती काचेची नळी; ती किती बुडते त्यावरून दुधात पाणी किती ते कळतं. त्या नळीपुढं हा सख्ख्या बापाला ओळखत नसे. एका उन्हाळ्यात त्यानं चेअरमनच्याच घरचं कॅन परत पाठवलं. चेअरमन तणतणत आले, तर हा नळीवरची नजर न काढता म्हणाला, "साहेब, तालुक्यातलं समदं पाणी आटलं, तुमच्या दुधातलं तेवढं आटलं न्हाई." त्याच सोसायटीनं एकदा अभ्यास दौरा काढला आणि संचालक मंडळ यालाही घेऊन कोकणात गेलं. कोकणात दुधाचा काय अभ्यास करायचा होता ते संचालकांनाच माहीत. तिथं मत्स्यालय बघून बाकीचे चहाला गेले, हा एका काचेला नाक लावून उभा राहिला तो राहिलाच. गाडी याला सोडून निघून आली. दुसऱ्या दिवशी एसटीनं उतरला तो स्वतःच्या घरी न जाता थेट आमच्या दारात. "आक्का, तिथं एक झाड हाय आन ते तोंड उघडून खातंय." आमच्या हिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढं दुष्काळात जनावरं छावणीला गेली, सोसायटीला कुलूप लागलं आणि ती काचेची नळी याच्या घरी आली. मग पेटी आली, पंप आले, निळा दिवा आला, समुद्राच्या मिठाची पोती आली. पुण्यात एक शौकीन माणूस स्वतःच्या टाकीत मऊ जातीची पोवळी वाढवतो. जास्वंदीची फांदी खोचावी तसा त्यांचा तुकडा दगडावर खोचला की फुटतो म्हणे. ते तुकडे पिशवीतल्या पाण्यातून, थर्माकोलच्या खोक्यात, एसटीच्या सीटवर बसून आले आणि हा पाटोद्यापर्यंत उभा राहून आला. सोबत नारंगी मासेही होते. आता आमची माणसं गळ्यात लिंग बांधणारी, घरात अंडं येत नाही. यानं माशांना ज्वारीची भाकरी कुस्करून घातली. मासे भाकरीकडं बघायचे, मग याच्याकडं बघायचे. शेवटी त्यांच्यासाठी गोठलेली कोळंबी आणावी लागली आणि मेव्हण्याच्या बायकोनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मग रिकाम्या गोठ्यात, म्हशीच्या जागी, एक जुना फ्रीज उभा राहिला. कोळंबीला हात लागला तर अंघोळ करावी लागणार आणि अंघोळीला पाणी कुठलं, म्हणून हा ती चिमट्यानं उचलायचा.

पाण्यात मीठ किती हे बघायला लोक वेगळं यंत्र घेतात. यानं आपली दुधाची नळी सोडली. समुद्र पंचविसाला लागतो म्हणे, चांगलं दूध अठ्ठाविसाच्या वर. "सोसायटीत आणला असता तर परतच पाठवला असता," असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मी एकदा विचारलं, हे नक्की झाड आहे का दगड का जनावर? तर म्हणाला, "दाजी, ही सोसायटी हाय. एका दगडावर हजार सभासद. एकानं खाल्लं तर समद्यांच्या पोटात जातं. आन चेअरमन न्हाई." मी म्हणालो, म्हणूनच चाललीय. वीज गेली की पंप बंद पडायचे आणि पोवळ्यांचा श्वास कोंडायचा. मग हा भर दुपारी ताकाची रवी घेऊन समुद्र घुसळत बसायचा. आतून बायको म्हणायची, लोणी आलं की हाक मारा.

पण खरी गोची पाण्याची. उन्हानं पेटीतलं पाणी रोज आटतं, मीठ मात्र जागेवर राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं, तेही साधं चालत नाही, फिल्टरचं जारचं लागतं. टंचाईत जारवाला घरटी दोनच जार द्यायचा. त्यातला एक समुद्राला. मासे जारचं पाणी प्यायचे आणि हा टँकरचं. गावानं नावं ठेवली, मी त्यात सगळ्यात पुढं होतो.

गेल्या साली आमची ही गेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मेव्हणा नवराबायको लेकीच्या वास्तुशांतीला चार दिवस निघाले आणि हा पेटीची राखण माझ्यावर टाकून गेला. मी म्हणालो, का रं, दुसरं कुणी मिळालं न्हाई का? तो म्हणाला, दाजी, ह्या रेघेपर्यंत पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका.

मी हात लावला नाही. पण प्लास्टिकच्या जारमधलं पाणी मला पहिल्यापासून पटत नाही. आमच्याकडं हिची तांब्याची घागर आहे, ती चिंचेनं घासून लख्ख ठेवायची. पाणी रात्रभर तिच्यात मुरलं की औषध होतं, हे आमच्यात पोराटोरांना ठाऊक. जित्या जिवाला द्यायचं तर चांगलं द्यावं. मी जारचं पाणी रोज त्या घागरीत ओतून ठेवलं आणि सकाळी तेच समुद्राला पाजलं. तिसऱ्या दिवशी पोवळ्यांनी तोंडं मिटली. चौथ्या दिवशी सगळा दगड लाजाळूसारखा गोळा होऊन बसला.

मेव्हणा आला, चपला न काढता पेटीपाशी गेला. नळी सोडली, पंचवीस. पंप चालू. मग त्यानं विचारलं, "दाजी, पाणी कशातलं घातलं?"

"घागरीतलं. आक्काच्या."

तो खाली बसला. माझ्यासारखा असता तर मला शिव्या घातल्या असत्या. मग म्हणाला, "माणसाला अमृत हाय ते, दाजी. ह्यांना तांबं विष हाय. तुमाला कुठून ठावं असनार."

वाचवायचं तर पेटीतलं निम्मं पाणी काढून नवं खारं पाणी भरायचं, म्हणजे सात-आठ जार, ते संध्याकाळच्या आत. मी उठलो. ही गेल्यापासून मी कुणाच्या उंबऱ्यावर गेलो नव्हतो, कुणी हाक मारली तरी न ऐकल्यासारखं करायचो. त्या दिवशी सोसायटीच्या जुन्या सभासदांच्या दारोदार फिरलो आणि तोंड वर करून सांगितलं, माझ्या हातून चूक झाली, जारचं पाणी द्या. लोकांनी सोडलं नाही. एक म्हणाला, चार दिसांत समुद्र बुडवला का म्हातारबा? एका बाईनं, दोन वर्षं त्याच्या नळीनं माझ्या दुधाचे पैसे कापलेत, असं सुनावलं आणि मग अर्धा जार दिला. तासाभरात ओसरीवर कॅन, कळशी, तांब्या घेऊन रांग लागली, सकाळच्या दूध संकलनासारखी. मेव्हण्यानं एकेकाला विचारलं, भांडं कशाचं? स्टील असेल तर पुढं, तांबं-पितळ असेल तर मागं. चेअरमन पितळी कळशी घेऊन आले होते. त्यांना पुन्हा परत पाठवलं.

एवढं करूनही बरीचशी पोवळी गेली. पांढरी पडली, झडली. मेव्हण्यानं ती चिमट्यानं काढली आणि मला बघायला लागू नयेत म्हणून गोठ्यामागं पुरली. दगडाच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा तुकडा तेवढा राहिला, मिटलेलाच. मी रोज जाऊन बसायला लागलो. तो पंपाचा आवाज ऐकायचा, मी तो तुकडा बघायचो.

नवव्या दिवशी, ऊन उतरताना, त्या तुकड्यातून एक बारीक तोंड बाहेर आलं. मग शेजारचं. बघता बघता पाच-सहा झाली आणि पाण्यात हलायला लागली. मेव्हणा आत हातपाय धूत होता, त्याला हाकही न मारता मी उठलो, चपला अडकवल्या आणि तडक घराकडं निघालो, हिला सांगायला. मारुतीच्या पारापर्यंत गेलो आणि थांबलो. तिथं थोडा वेळ उभा राहिलो. मग माघारी फिरलो.

मेव्हणा ओसरीच्या पायरीवर उभा होता. मला बघून त्यानं आत जाऊन एक खुर्ची आणली आणि पेटीसमोर, आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.