डेअरीचं नाक

डेअरीत त्याला सगळे ‘नाक’ म्हणत. रोज सकाळी दूधवाले कॅन रांगेत मांडत. हा एकेक झाकण उचलून हुंगायचा आणि हुकूम सोडायचा: घ्या, नाहीतर ओता गटारात. बावीस वर्षांची नोकरी, आणि माज त्याहून जुना.

त्या नाकाला गेली दोन वर्षं कसलाच वास कळत नव्हता. शेंबूड बारा महिने. घट्ट, पिवळा, घशात उतरणारा. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, आतलं अस्तर सुजून सुजून जाड झालंय, त्यातल्या ग्रंथी वाढून नको तेवढा शेंबूड करतायत, तो पुढे ढकलणारे बारीक केस झडलेत, आणि वर, वास कळतो त्या वाटेवर, द्राक्षांसारखे मांसाचे फुगे लोंबतायत. ऑपरेशन करा. यानं डॉक्टरांना लुटारू म्हटलं आणि तरातरा निघून आला. रजा घेतली तर डेअरीवाले दुसरं नाक बसवतील, ही खरी भीती.

मग तो तोंडं वाचू लागला. चोराच्या मनात चांदणं. दूध नासकं असलं की आणणारा झाकणाकडे बघत नाही. हुंगायचं सोंग करायचं आणि डोळे बघायचे. बहुतेक वेळा जमायचं. शिवाय ज्याचा राग, त्याचंही दूध गटारात.

सगळ्यात जास्त राग एका विधवेवर. “भाऊ, कॅनपाशी शिंकरू नका, दुधात उडतं,” असं ती चारचौघांत म्हणाली होती. खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्यानंतर सलग अकरा दिवस तिचं दूध आंबट ठरलं. ती रोज ओतण्याआधी बोट बुडवून चाखायची. दूध चांगलं असायचं.

बाराव्या दिवशी तिनं डेअरीच्या साहेबांना विनवून रांगेपाशी उभं केलं आणि आपला कॅन पुढे सरकवला. यानं झाकण उचललं. आत पांढरंशुभ्र. बाई नजरेला नजर देऊन उभी. साहेबांसमोर उगाच वाकडेपणा नको, असा विचार करून यानं दीर्घ हुंगल्यासारखं केलं.

“चांगलं आहे. घ्या.”

“मग एक घोट प्या, भाऊ,” ती म्हणाली. “फिनेलचं पाणी आहे ते.”

खोटारडी, डांबिस, असं बरंच काही त्याच्या तोंडात आलं. साक्षीला साहेबांनाच धरावं म्हणून तो वळला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता. रांगेतल्या प्रत्येकानं नाक दाबलं होतं. फक्त तोच वाकून, उघड्या कॅनवर, निवांत श्वास घेत होता.